कोल्हापूरचा रेडिओ: परक्या मनोऱ्यांपासून १०२.७ पर्यंत

कोल्हापूर शहराला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. स्थानिक रेडिओ केंद्रांच्या देशव्यापी योजनेतले हे एक केंद्र. ते एफ.एम. पट्ट्यात १०२.७ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. मात्र शहराची आणि जिल्ह्याची रेडिओशी ओळख त्याहून कितीतरी जुनी आहे. केंद्र येण्याआधी कित्येक दशके कोल्हापूरकर मुंबई, पुणे आणि सांगली या दुसऱ्या गावांच्या मनोऱ्यांवरून येणारे कार्यक्रम ऐकत होते. या प्रत्येक टप्प्यावर आवाज थोडा जवळ आला. १०२.७ ला आज जे स्थान आहे, ते या आधीच्या ऐकण्यावर उभे आहे.

मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीच्या त्या केंद्राचा प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा होता. मध्यम लहरींवरचे एवढे दुबळे प्रक्षेपण दिवसा मुंबईच्या आसपासच चांगले ऐकू येई. रात्री मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन लांबवर पोचतात. त्यामुळे सह्याद्रीच्या अलीकडे बसलेल्या हौशी माणसाला उंच तार बांधून, खरखरीतून सूर शोधत मुंबई पकडता येई, पण रोज भरवशाने ऐकण्यासारखे ते नव्हते. कंपनी तीन वर्षांत बुडाली. एप्रिल १९३० पासून सरकारने प्रसारण हाती घेतले आणि ८ जून १९३६ रोजी त्याचे नाव ऑल इंडिया रेडिओ झाले. मुंबईहून लघुलहरींचे प्रक्षेपण १९३८ मध्ये सुरू झाले. तेव्हा कुठे पश्चिम भारतातल्या दूरच्या गावांना दिवसाउजेडी रेडिओ ऐकण्याची सोय झाली.

कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. म्हैसूरला प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये स्वतःच्या हिमतीवर केंद्र उभारले. हैदराबाद, औरंगाबाद, बडोदा आणि त्रिवेंद्रम इथेही संस्थानी अमलात प्रसारण सुरू झाले. पुढे ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओत सामील झाली. त्या यादीत कोल्हापूर नाही. या शहराची यंत्रकौशल्याची हौस आणि कलेची भूक दुसऱ्या वाटेने गेली होती. बाबूराव पेंटरांनी इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, स्वतः कॅमेरा घडवला. १९२९ मध्ये त्यांच्याच हाताखालून बाहेर पडलेल्या मंडळींनी प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्या शहराचे बुद्धिमान हात पडद्याला जुंपलेले होते, तिथे रेडिओ हा काही काळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला पाहुणा राहिला. व्हॉल्व्हचा संच महाग होता, त्याला विजेची किंवा जड बॅटरीची गरज होती आणि वर सरकारी परवाना काढावा लागे. हा परवाना पोस्टात मिळे आणि दर वर्षी नूतन करावा लागे. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टाची पायरी चढायची, हा शिरस्ता १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होता.

ऐकण्याचे हे असे असले, तरी ऐकवण्यासारखे कोल्हापुरात भरपूर होते. राजर्षी शाहूंच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँ इथे राहिले आणि जयपूर-अत्रौली गायकीचे एक मोठे पीठ या शहरात तयार झाले. गायन समाज देवल क्लब १८८३ पासून बैठकी भरवत होता. तालमीच्या हौद्याइतकीच गाण्याची बैठकही इथल्या पेठांच्या सवयीची होती. पण रेडिओवर गायचे म्हणजे मुंबई गाठावी लागे. आवाज कोल्हापूरचा आणि ध्वनिक्षेपक परगावचा, ही स्थिती पुढे अनेक वर्षे टिकली. त्याचे ठळक उदाहरण सुधीर फडके. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९१९ चा. ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांना त्यांनी दिलेल्या चालींचे ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला पुणे केंद्रावरून प्रसारित होऊ लागले. छप्पन्न गीतांची ही मालिका वर्षभर चालली. ज्या घरी रेडिओ, त्या घरी शेजारीपाजारी जमत. कोल्हापूरच्या माणसाने बांधलेला सूर असा पुण्याच्या मनोऱ्यावरून कोल्हापुरात परत येत होता.

पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि दक्षिण महाराष्ट्राच्या दृष्टीने ही मोठीच घटना होती. मुंबई केंद्राला अनेक भाषांची सोय पाहावी लागे, तर पुण्याचा कारभार मराठीचाच होता. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्याने कोल्हापूर जिल्हा आता राज्य सरकारच्या ग्रामीण प्रसारणाच्या कक्षेतही आला होता. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणदेशी लेखक रुजू झाला आणि शेतकऱ्याशी शेतकऱ्याच्या बोलीत बोलायचे असते, ही गोष्ट मायक्रोफोनपुढे रुजली. पुढे प्रत्येक केंद्रावरच्या शेतीच्या कार्यक्रमात दोघे-तिघे गाववाले गप्पा मारत माहिती देऊ लागले. त्या परंपरेला बळ मिळाले ते या काळात.

याच पुणे केंद्रावरून १९५६ मध्ये एक प्रयोग झाला. कोल्हापूरच्या रेडिओ-इतिहासातले हे पान फार थोड्यांना माहीत आहे, पण ते पहिल्या मानाचे आहे. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ-मंडळे चालू होती. शेजारपाजारच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरलेला कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि निष्कर्ष केंद्राला कळवायचा, अशी ती पद्धत. युनेस्कोला ती भारतासारख्या देशात चालते का, हे पाहायचे होते. त्यासाठी पाच मराठी जिल्हे निवडले गेले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक असे वीस कार्यक्रम पुण्याहून प्रसारित झाले.

मंडळ म्हणजे गावातली वीसेक माणसे. एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. चिटणिसावर मोठी जबाबदारी होती, कारण चर्चेचा गोषवारा लिहून पुण्याला धाडायचे काम त्याचे. संच सार्वजनिक असे आणि वीज नसलेल्या गावी तो कोरड्या बॅटरीवर चाले. ठरल्या वेळी माणसे जमत, अर्धा तास ऐकत, मग संच बंद करून खरी बैठक सुरू होई. शेती, आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायतीचा कारभार असे विषय असत. मंडळांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात. भारतीय प्रसारणाच्या इतिहासात एवढ्या व्यवस्थितपणे उलट टपालाची सोय त्याआधी झाली नव्हती. गावकरी ऐकतात एवढ्यावर न थांबता ते काय म्हणतात, हेही केंद्राला कळू लागले.

मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ या पाहणीचे प्रमुख होते. पाहणीत तीन प्रकारची गावे तपासली गेली: मंडळ असलेली, रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली, आणि दोन्ही नसलेली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर त्याच विषयांवर लोकांना प्रश्न विचारण्यात आले. मंडळाच्या गावांत माहितीत ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. हा निष्कर्ष आजही विचार करायला लावणारा आहे, कारण संच बसवला म्हणजे काम झाले अशी समजूत तेव्हाही होती आणि नंतरही राहिली. माणसे एकत्र बसली, बोलली, ‘मग आपण काय करायचे’ इथपर्यंत आली, तेव्हाच ऐकलेले अंगी लागले. नॉयराथ आणि आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथूर यांचा या प्रयोगावरचा ग्रंथ युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ही मंडळे देशभर सुरू करण्याचे काम हाती घेण्यात आले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या संध्याकाळच्या बैठका अशा रीतीने देशाच्या धोरणाचा आधार ठरल्या. पुढे सरकारी उत्साह ओसरला, तशी बहुतेक मंडळेही विस्कळीत झाली.

शहरात मात्र याच वर्षांत वेगळेच वारे वाहत होते. माहिती व प्रसारण मंत्री बी. व्ही. केसकर यांनी १९५२ पासून आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळपास बंद पाडली आणि सिनेमावेड्या कोल्हापूरने इतर गावांसारखाच रेडिओ सिलोनचा काटा गाठला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तेव्हा ही गाणी घरी परतली. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ भिंतीवरच्या फळीवरून खाली उतरला. तो गुऱ्हाळावर, गोठ्यात, सायकलच्या दांडीला, पानपट्टीच्या कोनाड्यात दिसू लागला. परवाना मात्र त्यालाही काढावा लागे.

६ ऑक्टोबर १९६३ रोजी सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि कोल्हापूरसाठी रेडिओ अगदी उंबऱ्याशी आला. सांगली कोल्हापूरहून पन्नास किलोमीटरच्या आत. मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झला लागणारे हे केंद्र सांगली, सातारा आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांचे मानले गेले. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या खोऱ्याला प्रथमच आपल्या पिकांची, आपल्या बाजारांची आणि आपल्या माणसांची नावे रेडिओवर रोज ऐकू येऊ लागली. पुण्याहून ऊस म्हटला तर तो कुठलाही ऊस असे. सांगलीहून बोलणारा माणूस आडसाली लागणीबद्दल बोलतो आहे की सुरूबद्दल, हे शिरोळच्या शेतकऱ्याला लगेच समजे. कोल्हापूर जिल्हा दूध उत्पादक संघ, म्हणजे आजचे ‘गोकुळ’, स्थापन झाला तोही याच १९६३ साली. ऊस आणि दूध या दोन्हींचा जम बसण्याच्या काळात शेतकऱ्याच्या हाताशी एक मराठी आणि प्रादेशिक केंद्र होते, हा योग मोलाचा ठरला.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठीही सांगली जवळ होते. आकाशवाणीवर गायचे तर स्वरचाचणी द्यावी लागते आणि तीत मिळालेल्या श्रेणीवर मानधन आणि संधी ठरते. केसकरांच्याच काळात पक्की झालेली ही पद्धत आजही चालू आहे. ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ हे शब्द कार्यक्रमपत्रिकेवर नावापुढे छापले जात, कारण शहराबाहेरच्या परीक्षकांनी चेहरा न बघता नुसता आवाज ऐकून दिलेली ती पावती असे. कोल्हापूरचे कितीतरी भजनी, शाहीर, सनई-तबला वाजवणारे, नाट्यवाचन करणारे कलावंत एस.टी.ने सांगलीला जाऊन ध्वनिमुद्रण करून संध्याकाळी परतत. पश्चिमेकडच्या तालुक्यांची तऱ्हा वेगळी होती. चंदगडला बेळगाव जवळ, त्यामुळे तिथे धारवाड लागे. घाटमाथ्यावर ९ जानेवारी १९६२ नंतर आकाशवाणीकडे आलेले पणजी केंद्र आणि ३० जानेवारी १९७७ पासून रत्नागिरी केंद्र लागे. एकाच जिल्ह्यात रेडिओचा काटा चार दिशांना फिरत होता.

स्थानिक केंद्राची कल्पना मुळात याच विसंगतीतून निघाली. मोठ्या शक्तीचे एक केंद्र आठ-दहा जिल्ह्यांसाठी बोलते, तेव्हा त्याला कुठल्याच एका गावाचे नीट बोलता येत नाही. आणीबाणीनंतर नेमलेल्या बी. जी. वर्गीस समितीने १९७८ च्या अहवालात प्रसारणाच्या विकेंद्रीकरणावर भर दिला. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूत नागरकोइलला आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. सातव्या पंचवार्षिक योजनेत अशी सत्तरच्या आसपास केंद्रे मंजूर झाली. महाराष्ट्रात अहमदनगर, सातारा, नाशिक, धुळे, अकोला, नांदेड, बीड, उस्मानाबाद, यवतमाळ, चंद्रपूर यांच्या जोडीने कोल्हापूरचे नाव त्यात आले. योजना १९८५ ते १९९० ची असली, तरी इमारती, मनोरे आणि नेमणुका होईपर्यंत बहुतेक केंद्रांना नव्वदचे दशक उजाडले.

या केंद्रांचा आराखडा देशभर साधारण एकाच साच्याचा होता. तीन-तीन किलोवॅटचे दोन एफ.एम. प्रक्षेपक जोडून सहा किलोवॅटची शक्ती, शंभर मीटरच्या घरातला लोखंडी मनोरा, भाषणाचा एक स्टुडिओ, गाण्या-नाटकासाठी दुसरा, आणि हे सारे एकाच आवारात. माणसे थोडी, काम बाहेर जाऊन करायचे, अशी अपेक्षा. म्हणूनच ध्वनिमुद्रकाची पिशवी खांद्याला लावून गावात जाणारा कार्यक्रम अधिकारी हा या केंद्रांचा कणा. त्याच्या जोडीला नैमित्तिक निवेदक आले. दिवसभर शाळा, महाविद्यालय, कचेरी किंवा दुकान सांभाळून पाळीपुरते केंद्रावर येणारी ही स्थानिक माणसे. श्रोत्यांना आवाज ओळखीचा वाटे, कारण तो खरोखरच ओळखीचा असे.

मध्यम लहरी सोडून एफ.एम. निवडल्याचे दोन परिणाम झाले आणि ते दोन्ही कोल्हापूरला ठळकपणे जाणवले. पहिला परिणाम संचांचा. नव्वदच्या सुरुवातीला घराघरांत जे ट्रान्झिस्टर होते, त्यांतल्या बहुतेकांवर एफ.एम. पट्टाच नव्हता. गावात केंद्र आले, पण जुन्या संचावर ते लागेना. सांगली आणि विविध भारती ऐकणाऱ्या घराने आपल्याच शहराचे केंद्र ऐकण्यासाठी नवा संच घ्यावा, अशी ती परिस्थिती होती. स्वस्त एफ.एम. संच बाजारात आले आणि मग मोबाइलमध्येच एफ.एम. मिळू लागले, तशी श्रोत्यांची संख्या वाढत गेली. कोणत्याही नव्या केंद्राच्या पहिल्या वर्षांचे मूल्यमापन करताना ही अडचण लक्षात घेतलीच पाहिजे.

दुसरा परिणाम डोंगरांचा. मध्यम लहरी जमिनीलगत सरपटत जातात, डोंगराला वळसा घालतात. एफ.एम. लहरी दिव्याच्या झोतासारख्या सरळ जातात. मनोऱ्यापासून सपाट मुलखात पन्नास-साठ किलोमीटर त्यांचा आवाज स्वच्छ मिळतो, वादळी रात्रीही खरखर येत नाही, आणि तंबोऱ्याचा जवारीचा झणकार जसाच्या तसा पोचतो. पण मध्ये डोंगर आला की सावली पडते. पूर्वेकडे हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ, कागल हा मोकळा मुलूख. तिथे १०२.७ सहज लागते. पश्चिमेला पन्हाळा-जोतिबाची रांग आणि तिच्यामागे शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड असे डोंगरांच्या घड्यांत बसलेले तालुके. वाडी खिंडीच्या अलीकडे असेल तर केंद्र लागते, पलीकडे असेल तर लागत नाही. जिल्ह्याच्या नावाचे केंद्र अशा रीतीने प्रत्यक्षात निम्म्या जिल्ह्यालाच नीट ऐकू येणारे ठरले. ज्या भागात वर्तमानपत्र दुपारी पोचते आणि एस.टी. पावसात बंद पडते, नेमका तोच भाग सावलीत राहिला, ही या योजनेची सर्वांत मोठी उणीव होय.

स्टुडिओतले काम पहिली काही वर्षे ध्वनिफितीवर चाले. पाव इंच रुंदीची तपकिरी फीत, बाराशे फुटांचे एक रीळ. सेकंदाला साडेसात इंच या गतीने ती बत्तीस मिनिटे चालते. अर्ध्या तासाचा कार्यक्रम म्हणजे एक रीळ, हा हिशेब प्रत्येक निवेदकाच्या हातात बसलेला असे. मळ्यात जाऊन घेतलेली मुलाखत संपादित करायची तर फीत यंत्राच्या शीर्षाशी हाताने मागेपुढे सरकवून शब्दाची सुरुवात कानाने शोधायची, तिथे पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची, पातीने तिरका छेद द्यायचा आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडायची. अर्ध्या सेकंदाचा खोकला काढायचा म्हणजे पावणेचार इंच फीत कापून टाकायची. छेद सरळ दिला तर जोडावर टक्क असा आवाज येतो, म्हणून तो तिरका. संपादित मुलाखत ऐकताना श्रोत्याला कुठे काही कापले आहे असे वाटू नये, हीच कारागिरी. संगणक आल्यावर हे सारे पडद्यावर होऊ लागले आणि काम वेगवान झाले. तरी फितीवर शिकलेल्या माणसांचा कान अधिक तयार असे, कारण त्यांना नुसते पाहून कापता येत नव्हते.

आकाशवाणीच्या दिवसाचे सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असे तीन भाग, म्हणजे तीन सभा. राष्ट्रीय आणि प्रादेशिक बातम्या मोठ्या केंद्रांवरून सहक्षेपित होतात, काही तास विविध भारतीचे असतात आणि उरलेला वेळ केंद्राचा स्वतःचा. त्या वेळात भक्तिगीते, शेती, महिला, युवक, बालगोपाळ, आरोग्य, लोकसंगीत, श्रोत्यांची पत्रे आणि फर्माइशी असा शिधा असतो. कुणी पोस्टकार्ड पाठवावे, त्यावर घरातल्या सगळ्यांची नावे लिहावीत आणि ती नावे निवेदकाने गाण्याआधी वाचावीत, ही प्रथा मोठ्या केंद्रांवरही होती. पण मोठ्या केंद्राकडे ढिगाने पत्रे येत आणि नाव लागण्याला नशीब लागे. स्थानिक केंद्रावर गावाचे, गल्लीचे, तालमीचे नाव खरोखर उच्चारले जाई. लोकसंगीतातही हाच फरक पडला. गावातल्या सोंगी भजनाच्या, धनगरी ओव्यांच्या, जात्यावरच्या गाण्यांच्या म्हाताऱ्या गायिका स्वरचाचणीसाठी पुण्याला कधीच गेल्या नसत्या. स्थानिक केंद्राची पिशवी त्यांच्या दारात जाऊ शकत होती.

शेती हा तर अशा केंद्रांचा प्राणच. फेब्रुवारी २००४ मध्ये केंद्र सरकारच्या कृषी खात्याच्या मदतीने आकाशवाणीने ‘किसानवाणी’ हा कार्यक्रम सुरू केला आणि तो मुद्दाम स्थानिक एफ.एम. केंद्रांकडे सोपवला. कारण हवामान, रोगकीड आणि बाजारभाव या तिन्ही गोष्टी जिल्ह्यागणिक बदलतात. शाहू मार्केट यार्डातला गुळाचा सौदा किंवा पन्हाळ्याकडच्या भातावरचा करपा यांबद्दल दिल्लीहून काही सांगण्यात अर्थ नसतो.

पुराच्या दिवसांत स्थानिक केंद्राची गरज सर्वांत जास्त जाणवते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ‘बंधाऱ्यावर किती?’ हाच चौकाचौकातला प्रश्न. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी धोका पातळीच्या कितीतरी वर गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, अनेक भागांची वीज गेली, मोबाइलचे मनोरे मुके झाले. अशा वेळी दोन सेलवर चालणारा संच हे उरलेले एकमेव साधन असू शकते. कुठला रस्ता बंद, कुठल्या धरणाचे किती दरवाजे उघडले, कुठल्या गावांनी स्थलांतर करावे, ही माहिती तासातासाला बदलते आणि ती गावाच्या नावानिशी सांगणारे केंद्र गावाजवळच असावे लागते.

दरम्यान हवेवरची सरकारी मक्तेदारी संपली होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. खासगी एफ.एम.चा पहिला टप्पा मोठ्या शहरांपुरता राहिला. २००६ च्या दुसऱ्या टप्प्यातल्या लिलावात मात्र मध्यम शहरांचा समावेश झाला आणि कोल्हापूरच्या काट्यावर नवी नावे आली. ९८.३ वर रेडिओ मिर्ची आणि ९४.३ वर टोमॅटो एफ.एम. टोमॅटो एफ.एम. ‘पुढारी’ समूहाचे आहे. १९३९ पासून कोल्हापुरातून निघणाऱ्या दैनिकाने रेडिओ काढावा, याला या शहरात वेगळे वजन होते, कारण हे केंद्र बाहेरून आलेल्या साखळीचा भाग नव्हते. २०१५ च्या तिसऱ्या टप्प्यात रेडिओ सिटीचीही त्यात भर पडली.

खासगी केंद्रांनी कोल्हापुरी बोली थेट ध्वनिक्षेपकापुढे आणली. आकाशवाणीवर ती शेतीच्या कार्यक्रमापुरती आणि लोकनाट्यापुरती असे. बाकी निवेदन प्रमाण मराठीत चाले. आता रंकाळ्यावरच्या गप्पा, मिसळीच्या चवीवरची भांडणे, खासबागेतल्या कुस्त्या आणि पेठांच्या फुटबॉल संघांची चुरस ही सगळी त्याच रांगड्या बोलीत ऐकू येऊ लागली आणि तरुण श्रोता परत रेडिओकडे वळला. मात्र खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. गाणी, गप्पा, जाहिराती, रहदारी, हवामान, स्थानिक घडामोडींची माहिती इथपर्यंतच त्यांची हद्द. जाहिरात शहरात असते, म्हणून त्यांचे लक्षही शहरावर राहते. उसाच्या फडातल्या माणसाची आणि भजनी मंडळाची काळजी घेण्याचे काम अजूनही १०२.७ कडेच आहे आणि हे काम बाजारभावाने होण्यासारखे नाही.

तिसरा मार्ग सामुदायिक रेडिओचा. २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना आणि २००६ नंतर स्वयंसेवी संस्थांना छोटी केंद्रे चालवता येऊ लागली. कोल्हापूरच्या शेजारी या मार्गाचे चांगले नमुने आहेत. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचे ‘माणदेशी तरंग’ आणि सांगलीच्या जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’. दोन्ही दुष्काळी भागात आहेत. पन्नास वॅटचा प्रक्षेपक, दहा-पंधरा किलोमीटरचा परीघ आणि बोलणारी बहुतेक माणसे त्याच गावांतली. १९५६ च्या मंडळांत ऐकणाऱ्यांना उत्तर देण्याची जी सोय होती, तिचे नाते या केंद्रांशी सर्वांत जवळचे आहे.

कोल्हापूर केंद्र आता न्यूज ऑन एअर या ॲपवरही ऐकू येते. त्यामुळे मुंबई-पुण्यात किंवा परदेशात असलेल्या कोल्हापूरकराला घरबसल्या १०२.७ मिळते. गगनबावड्याच्या खोऱ्यातल्या घराला मात्र मोबाइलचे जाळे नीट असेल तरच. नव्या फोनमधून एफ.एम.ची सोय नाहीशी होऊ लागली, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ती चालू ठेवण्याची सूचना मोबाइल उत्पादकांना केली आणि आपत्तीच्या काळातली गरज हेच कारण पुढे केले. त्याच महिन्यात देशभर शंभर वॅटचे ९१ छोटे एफ.एम. प्रक्षेपक सुरू करण्यात आले. शाहूवाडीपासून चंदगडपर्यंतच्या डोंगरी पट्ट्याला याच प्रकारचे छोटे प्रक्षेपक लागतील. खोऱ्याच्या तोंडाशी उंचावर एक प्रक्षेपक बसवला, की १०२.७ चेच कार्यक्रम डोंगराच्या सावलीतल्या वाड्यांना साध्या संचावर ऐकता येतात.